दोन वर्षांची पणजी

“म्हणजे माझी पणजी दोन वर्षांची असताना वारली, असं म्हणायचंय तुला?” बेव्हने फोनवर विचारलं.

“कागद तसंच सांगतायत,” मी म्हणाले.

“आणि मग सहा मुलं कोणाला झाली?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. तयार उत्तरांनीच घात होतो. मी म्हणाले, “जिला झाली ती दुसरीच कोणी असणार. तिने त्या मेलेल्या मुलीचं नाव घेतलं आणि ती ऑस्ट्रेलियात आली. असं होत असे त्या काळात.”

फोनमध्ये मागे किटलीची शिट्टी वाजत होती आणि ती बंद करायला कोणी उठत नव्हतं.

“मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, स्मिता,” शेवटी ती म्हणाली. “माझ्या मुलीला मी तिचं नाव दिलंय. म्हणजे एका खोट्या बाईचं नाव दिलं का मी?”

आता जरा मागे जाऊन सांगते.

मी सिडनीत, पॅरामॅटाच्या एका छोट्या फर्ममध्ये काम करते. आम्ही चौघं लोकांच्या घराण्यांचा माग काढतो. कोणाला पणजोबा कुठल्या जहाजाने आले ते हवं असतं, कोणाला कोर्टात वारस सिद्ध करायचे असतात. मी मूळची कराडची. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचे, बैलावर बसून, आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा वाचून दाखवायचे. इथे मला कोणी काम विचारलं तर मी सांगते, मी हेळवी आहे, फक्त बैलाच्या जागी लॅपटॉप आहे. ही गंमत आपल्या लोकांनाच कळते. ऑफिसात मला सगळे रिसर्चर म्हणतात.

माझे वडील तलाठी होते. वारस नोंदी, फेरफार, खातेफोड हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकले. अण्णांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “माणूस काय वाटेल ते बोलतो, कागद काय म्हणतो ते बघ.” मी इथे लायब्ररी सायन्स शिकायला आले, काउन्सिलच्या लायब्ररीत काही वर्षं काढली आणि मग या फर्ममध्ये आले. अण्णांच्या त्या वाक्यावर माझी नोकरी व्यवस्थित चालू होती. बेव्हच्या केसमध्ये तेच वाक्य मी अर्धवट वापरलं.

बेव्ह न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागातल्या एका गव्हाच्या गावात राहते, सिडनीहून पाच तासांवर. तिची पणजी लुसिंडा अमेरिकेतून आलेली. ओहायो राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. टॉमस नावाचा एक ऑस्ट्रेलियन तिकडे शेतीची अवजारं शिकायला गेला होता, अमेरिकन नांगरांची एजन्सी घेऊन परतला आणि येताना लुसिंडालाही लग्न करून घेऊन आला. दोघांनी त्या गावात जन्म काढला. टॉमस आधी गेला, त्याच्या थडग्यावर दगड बसला. लुसिंडा त्याच्या शेजारीच पुरली गेली, पण तिचं नाव त्या दगडावर कोरायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. जवळजवळ शंभर वर्षं.

बेव्हला ते या ईस्टरला पुरं करायचं होतं. सगळं कुटुंब जमणार होतं. दगड घडवणारा ठरला होता. मजकूर साधा होता: लुसिंडा, अमुक आणि तमुक यांची मुलगी, जन्म ओहायो. ते अमुक-तमुक नक्की कोण, एवढंच तिला आमच्याकडून हवं होतं. “मला दगडावर खोटं काही नकोय,” असं तिने पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. “दगड खोडता येत नाही.”

काम सोपं वाटलं. न्यू साउथ वेल्सचा मृत्यूचा दाखला म्हणजे आमच्या धंद्यातली मेजवानी. माणूस कधी आणि कशाने गेला एवढ्यावर तो थांबत नाही. आईबाप कोण, बाप काय करायचा, जन्म कुठला, या देशात येऊन किती वर्षं झाली, मुलं किती, हे सगळं त्यात असतं. लुसिंडाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एलायस हॉस्किन्स, आईचं हॅना, ओहायोतल्या एका काउंटीचं नाव. माहिती देणारी तिची मुलगी एडा. ही एडा म्हणजे बेव्हची आजी.

मग मी ओहायोत गेले. गेले म्हणजे स्क्रीनवर. अमेरिकेत अठराशे पन्नासच्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं. त्याआधी फक्त कर्त्याचं नाव आणि बाकीच्यांची डोकी मोजलेली. पन्नासच्या पानावर मला एलायस सापडला, हॅना सापडली, दोन मुलगे सापडले. लुसिंडा नव्हती.

तिथल्या हौशी लोकांनी गावोगावच्या थडग्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. मी हॉस्किन्सांच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, दफनभूमीचे फोटो चाळले आणि एक छोटा, वाकलेला दगड सापडला. लुसिंडा, एलायस आणि हॅना यांची मुलगी. वय दोन वर्षं, चार महिने, अकरा दिवस. त्या काळात वय असं दिवसांपर्यंत मोजून कोरायचे. मृत्यूचं साल पन्नासच्या आधीचं होतं. म्हणूनच ती जनगणनेत नव्हती.

सगळं चपखल बसलं. एकच गोष्ट बसत नव्हती. इथल्या दाखल्यावरच्या लुसिंडाचं वय आणि त्या मुलीचा जन्म यांत सात वर्षांचा फरक होता. तिथे माझं डोकं चालायला हवं होतं. पण मी म्हणाले, बरोबर आहे, नाव दुसरीचं घेतलं तरी वय माणूस आपलंच सांगणार. आणि मी शोध थांबवला. मेलेल्या माणसाला पुढच्या जनगणनेत कशाला शोधायचं?

याला आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. माझ्याकडे सूत भक्कम होतं, म्हणून स्वर्गही भक्कम वाटला.

आमच्या ऑफिसचा एक नियम आहे. कुठलाही निष्कर्ष दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय क्लायंटला सांगायचा नाही. माझे रिपोर्ट ग्लेनिस वाचते. ग्लेनिस आमची बॉस. साठीची, बारीक केस, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम तो शोधत असलेली. ती त्या आठवड्यात टास्मानियाला बहिणीकडे गेली होती. रिपोर्ट तिच्या टेबलावर ठेवून मी सोमवारची वाट बघत होते. शुक्रवारी बेव्हचा फोन आला, “काही कळलं का? दगडवाला विचारतोय.” उचलली जीभ लावली टाळ्याला, मी सांगून टाकलं.

सांगताना मला थोडा आनंदही झाला होता, हे कबूल करते. असली केस रोज मिळत नाही.

तो आनंद फोन संपेपर्यंतही टिकला नाही. बेव्ह जुन्या गोष्टी आठवून बोलायला लागली होती. आजी एडा सांगायची की लुसिंडाला अमेरिकेतून कधी पत्र आलं नाही. लुसिंडा स्वतःचा वाढदिवस करू द्यायची नाही, कोणी केक केला तर परसात निघून जायची. घरात सगळ्यांना तो तिचा स्वभाव वाटे. आता बेव्हला प्रत्येक गोष्टीत लबाडी दिसत होती, आणि ती दिसायला लावणारी मी होते.

“मी दगडवाल्याला सांगते,” ती म्हणाली. “नाव नको. ‘टॉमसची पत्नी’ एवढंच कोर म्हणते.”

“थोडं थांब ना,” मी म्हणाले.

“कशाला? तूच म्हणालीस ना, कागद सांगतायत.”

सोमवारी सकाळी ग्लेनिस आली. कॉफी घेतली, माझा रिपोर्ट वाचला, शेवटचं पान उलटून पालथं ठेवलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “दुसरी शोधलीस का?”

“दुसरी काय?”

“दुसरी लुसिंडा.”

मला खरंच कळलं नाही. ती म्हणाली, “पहिली गेली. नंतर मुलगी झाली. तिचंही नाव लुसिंडा ठेवलं. शोधलंस का तसं काही?”

“ग्लेनिस, पोटची पोर गेलीय. तिचंच नाव पुढच्या बाळाला कोण ठेवेल?”

“अर्धं एकोणिसावं शतक, मेट.”

दहा वर्षं मी या धंद्यात आहे. इंग्लंड-आयर्लंडच्या केसेसमध्ये एका घरात एकाच नावाची दोन मुलं मी पाहिली नव्हती असं नाही. पण ती कोणा दुसऱ्याची केस होती, कोणी आधीच लावून दिलेली. माझ्या हाताखाली आलेल्या घरात तसं होऊ शकेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. कारण माझ्या घरात तसं कोणी केलं नसतं.

“आमच्याकडे याच्या बरोब्बर उलटं करतात,” मी ग्लेनिसला सांगितलं. “मुलं जगत नसली तर पुढच्याला नाव ठेवायचं दगडू, धोंडू. म्हणजे दगड. यमाला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. माझ्या वडिलांचं नाव धोंडीराम आहे. त्यांच्या आधीचे दोघे भाऊ गेले होते. आजी गेलेल्यांचं नाव तोंडातूनसुद्धा काढायची नाही. पुन्हा कोणाला ठेवायचं तर लांबच.”

“काय होती त्यांची नावं?”

“कोणाची?”

“त्या दोघा भावांची.”

“माहीत नाही.”

ग्लेनिसने चष्मा शोधला, सापडला, डोळ्यांवर लावला. “तू जीनिऑलॉजिस्ट आहेस, स्मिता.”

“माहीत नाही म्हटलं ना,” मी जरा चिडूनच म्हणाले. मग मला दुसरी गोष्ट सांगायची होती, ती जास्त अवघड होती. “बेव्हला मी शुक्रवारी सांगून टाकलंय.”

“किती सांगितलंस?”

“सगळं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मग आता जे खरं असेल तेही तूच सांगायचं. माझ्या नावावर नाही ढकलायचं.”

मी जागेवर गेले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. अठराशे साठची जनगणना उघडली. हॉस्किन्सांच्या पानावर शाई पसरलेली होती. एलायस वाचता येत होता, मुलगे वाचता येत होते, त्यांच्या खाली आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव शाईच्या डागाखाली गेलं होतं. आठ वर्षं म्हणजे इथल्या दाखल्यावरच्या वयाशी नीट जुळत होतं. पण डागाचा पुरावा होत नाही.

ग्लेनिस डीएनए टेस्टचं म्हणाली. त्याला वेळ लागला असता, आणि सुरुवातीच्या एका ईमेलमध्ये मी नुसता उल्लेख केला तेव्हा बेव्हने कळवलं होतं की नळीत थुंकायचं तिचं वय गेलं.

मी एलायसच्या मागे लागले. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गेला आणि परत आला नाही. हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी हायसं वाटलं. हा धंदाच असा आहे. कारण सैनिकाच्या विधवेला सरकारकडून पेन्शन मिळे आणि पोरांसाठी वर काही मिळे. त्यासाठी पोरांच्या जन्माचा पुरावा लागे. खेड्यात जन्माची नोंद कुठे असायची? ती घरच्या बायबलमध्ये असायची, मधल्या कोऱ्या पानांवर. मग त्या बायका बायबलची ती पानं फाडून वॉशिंग्टनला पोस्टाने पाठवत. ती पानं कधी परत येत नसत. फायलीत अडकून राहत. आजही आहेत.

हॅनाच्या अर्जाचं इंडेक्स कार्ड मिळालं. फाईल मात्र स्कॅन झालेली नव्हती. वॉशिंग्टनच्या अर्काइव्हमध्ये जाऊन फोटो काढून देणारी एक बाई आमच्या ओळखीची आहे. तिला लिहिलं. तिचं उत्तर आलं, रांग आहे, दोन आठवडे लागतील.

त्यानंतर मी बेव्हला फोन केला.

“मी घाई केली,” मी म्हणाले. “मला अजून एक कागद बघायचाय. माझं म्हणणं चुकलेलं असू शकतं.”

“असू शकतं की आहे?”

“असू शकतं. आता खात्रीशिवाय मी काही बोलणार नाही.”

“उशीर झाला ते ठरवायला,” बेव्ह म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, आणि तसा असायचा तिला हक्क होता. “दगडवाल्याला सांगून झालंय माझं. तो गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी कोरायला घेणार आहे. माझी मुलगी विचारतेय, नाव का काढलं म्हणून. तिला काय सांगू?”

“शुक्रवारपर्यंत काही सांगू नकोस,” मी म्हणाले.

ते दोन आठवडे मी बाकीच्या केसेस केल्या. दुपारी हॅरिस पार्कला चालत जाऊन डोसा खाल्ला, क्वेकर्स हिलच्या घरी येऊन मुलीचा अभ्यास घेतला. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आई, यू आर नॉट ईव्हन लिसनिंग.” तिचं बरोबर होतं. मी मनात बेव्हच्या किटलीची शिट्टी ऐकत होते. नोकरी जाईल ही भीती नव्हती. भीती ही होती की एका म्हातारीचं आयुष्यभराचं माणूस मी एका फोनमध्ये पुसून टाकलं, आणि कदाचित उगाचच.

फाईल बुधवारी दुपारी आली. एकसष्ट फोटो.

पहिले वीस-पंचवीस म्हणजे सरकारी फॉर्म. मग शेजाऱ्यांच्या साक्षी. मग एका सुईणीची साक्ष की हॅनाच्या अमुक बाळंतपणांना मी हजर होते. मग ते पान आलं. कडेला फाटलेलं, मधोमध घडी पडलेली. सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, बारीक, उजवीकडे कललेल्या. जन्म: दोन मुलगे, मग लुसिंडा. बाजूच्या रकान्यात मृत्यू: लुसिंडा. मग परत जन्माच्या रकान्यात, दोन ओळी सोडून: लुसिंडा मारिया.

पहिल्या लुसिंडाच्या नावावर रेघ मारलेली नव्हती.

मी खुर्चीतून उठले आणि परत बसले. पुढचा फोटो त्या पानाचाच होता, जवळून घेतलेला. समासात पेन्सिलने कोणी तरी दुसऱ्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं. वॉशिंग्टनच्या पेन्शन ऑफिसातल्या कारकुनाने. ‘लुसिंडा हे मूल मयत दिसते. विधवेने खुलासा करावा.’

म्हणजे जी चूक मी केली ती माझ्या आधी त्याने केली होती. त्यालाही वाटलं होतं की ही बाई मेलेल्या पोरीच्या नावाने जिवंत पोर दाखवतेय. मला त्या अनोळखी कारकुनाबद्दल आधी जवळीक वाटली आणि लगेच स्वतःचा राग आला.

खुलासा पुढच्या फोटोत होता. हॅना गावच्या न्यायाधीशासमोर गेली होती आणि शपथेवर तिने सांगितलेलं त्याने उतरवून घेतलं होतं. पाच-सहा ओळी. मी त्या इथे मराठीत देते.

‘लुसिंडा नावाच्या मला दोन मुली झाल्या. पहिली देवाघरी गेली. दुसरी ही माझ्याजवळ उभी आहे, साहेबांनी तिला पाहून घ्यावे. पहिली गेल्यावर ते नाव आमच्या घरातून जावे असे मला आणि माझ्या नवऱ्याला वाटले नाही. म्हणून मुलगी झाली तेव्हा तेच ठेवले.’

खाली न्यायाधीशाची टीप होती. ‘मुलीला समक्ष पाहिले. वय सुमारे दहा.’

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. ग्लेनिसने माझ्या टेबलाशी येऊन स्क्रीनवरचं सगळं वाचलं, दोनदा. मग म्हणाली, “दुसऱ्याने वाचलं. आता लाव फोन.”

बेव्हने चौथ्या रिंगला उचलला.

“सापडली,” मी म्हणाले. “खरी होती. तुझी पणजी तीच होती जी ती सांगत होती. माझं चुकलं, बेव्ह. तिच्या आधी तिची एक बहीण होती, त्याच नावाची. ती दोन वर्षांची असताना गेली. मी त्या बहिणीचं थडगं बघितलं आणि तुझ्या पणजीला मारून टाकलं.”

मग मी तिला हॅनाचा जबाब वाचून दाखवला.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचला.

“‘माझ्याजवळ उभी आहे’ तिथून परत.”

मी तिथून परत वाचला. बेव्ह रडत होती, पण तिचा आवाज साफ होता. “दहा वर्षांच्या पोरीला उभं केलं का त्यांनी सगळ्यांसमोर? जिवंत आहे हे दाखवायला?”

“हो.”

“बिचारी,” ती म्हणाली. “आणि आपण तिला परत उभं केलं.”

तिने ‘तू’ न म्हणता ‘आपण’ म्हटलं, ते मी आजही विसरलेले नाही.

मग ती एकदम कामाला लागली. पहिल्या मुलीचं वय किती, तिने विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं, चार महिने, अकरा दिवस. तिने लिहून घेतलं. शुक्रवार परवावर आला होता, मी काळजीने म्हटलं, दगडवाला ऐकेल का? “त्याची आई माझ्याबरोबर शाळेत होती,” बेव्ह म्हणाली. “त्याला मी बघते. नो वरीज.”

ईस्टरला मी मुलीला घेऊन त्या गावी गेले. ग्लेनिस म्हणाली होती, जा, बिल लावू नकोस. गव्हाच्या मोकळ्या शेतांच्या कडेला दफनभूमी होती, सत्तरेक माणसं जमली होती, माशांनी जीव नकोसा केला होता. टॉमसच्या शेजारी नवा दगड. त्यावर लुसिंडा मारिया, एलायस आणि हॅना हॉस्किन्स यांची मुलगी, ओहायो. खाली छोट्या अक्षरांत बेव्हने स्वतःहून घातलेली ओळ होती: आणि तिच्या आधीची लुसिंडा, वय २ वर्षं ४ महिने ११ दिवस, तिथेच.

बेव्हची मुलगी, साठीला आलेली, उंच, हसरी बाई, माझ्याशी हात मिळवायला आली. “मी तिसरी,” ती म्हणाली. बेव्हने तिच्या दंडावर हात ठेवला आणि मला ओळख करून दिली, “ही स्मिता. हिनेच आधी मारलं आणि हिनेच जिवंत केलं.” सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

नंतर गावच्या हॉलमध्ये चहा आणि स्कोन्स होते. बेव्हने मला विचारलं, मग पणजी वाढदिवस का करू द्यायची नाही? ते काही कागदात नाही, मी सांगितलं. माझा एक अंदाज आहे. पण अंदाज मी आता क्लायंटला सांगत नाही.

ऑफिसात परतल्यावर ग्लेनिसने रिपोर्टच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवलेली दिसली. मृत्यूची नोंद सापडल्यास: त्या नावाचं दुसरं मूल शोधलं का? समोर टिक करायला चौकोन. त्या चौकोनाला आमच्याकडे सगळे ‘स्मिता बॉक्स’ म्हणतात. मिळालं तर असं मिळतं नाव.

त्या रविवारी मी कराडला फोन लावला. अण्णा ब्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण विचारलेलं टाळायचं असलं की जास्तच कमी येतं.

“अण्णा, तुमच्या आधीच्या दोघांची नावं काय होती?”

“कोणाची?”

“तुमच्या भावांची. जे गेले.”

“आता कशाला पाहिजे ते?”

“नोंद करायचीय.”

नोंद म्हटल्यावर ते बोलले. माणूस निवृत्त होतो, तलाठी होत नाही. “थोरला गजानन. नऊ महिन्यांचा होऊन गेला, देवी आल्या होत्या. दुसरा बाराव्याच्या आतच गेला. त्याचं बारसंच झालं नव्हतं, त्यामुळं नाव नाही.” मग ते म्हणाले, “आई मला कधी कधी चुकून गजा म्हणायची. मग तोंडावर हात ठेवायची. मी ओ द्यायचो पण.”

ब्याऐंशी वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या हॉस्किन्सांची पोरं मला दिवसांसकट पाठ होती.

“लिहिलंस का?” त्यांनी विचारलं.

“लिहिलं. गजानन, नऊ महिने. दुसरा मुलगा, बारशाआधी. तिसरे तुम्ही.”

“नुसतं लिहून होत नाही,” अण्णा म्हणाले. “नोंद लिहिली की समोरच्याला वाचून दाखवायची आणि मग सही. लहानपणी शंभरदा सांगितलंय तुला. वाच बघू.”

मी पहिल्यापासून वाचायला लागले. गजाननपाशी ते म्हणाले, “ऐकू आलं नाही. मोठ्यानं वाच.” मग मी मोठ्याने वाचलं.